गजाचा ठोका

शिंपीदादा रेडिओ केंद्रातल्या माणसांना चेहऱ्याआधी पायांवरून ओळखत. केंद्र त्यांच्या दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर होतं आणि वर जाणारा लाकडी जिना त्यांच्या मशीनला खेटूनच चढत होता. मान खाली घालून शिवायला बसलं, की पायऱ्यांच्या फटींतून फक्त पावलं दिसत. साहेबांचे बूट करकरत. गाणारे लोक हळूहळू चढत, जणू पहिल्या पायरीपासूनच कोणीतरी त्यांना ऐकत होतं.

एके दिवशी सकाळी फटींतून दोन अनवाणी पावलं खाली उतरली आणि थेट दादांच्या टेबलापाशी येऊन थांबली. दादांनी वर पाहिलं. पंचविशीची एक सडपातळ मुलगी होती. चपला हातात होत्या आणि डोळे रडून लाल झाले होते.

"दादा, तुमचा रेडिओ चालू ठेवाल का?" तिनं विचारलं.

दादांचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. केंद्र सुरू झाल्यापासून वरून माणसं खाली येत होती, पण ती रेडिओ बंद करा म्हणून सांगायला. जमीन फळ्यांची होती. खालचा रेडिओ जरा मोठा झाला, की त्याचा आवाज वरच्या मायक्रोफोनमध्ये शिरे, तिथून तो पुन्हा रेडिओत येई आणि मग अशी काही शिट्टी वाजे, की समोरच्या दुकानदाराचं कुत्रं रस्ता सोडून पळे.

"बंद ठेवा म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही. चालूच ठेवा. पण हळू."

दादांनी तिला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

ती वर टायपिंगला लागली होती. आदल्या दिवशी बातम्या वाचणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला आणि साहेबांनी हिलाच खुर्चीत बसवलं. तिनं पंधरा मिनिटं एका श्वासात वाचल्यासारखं सगळं नीट वाचलं. समोरच्या यंत्रावरचा काटा तिच्या प्रत्येक शब्दाला डोलत होता. साहेब पाठ थोपटून "छान वाचलंत" म्हणाले. तेवढ्यात सायकल टाकून, घामानं निथळत खांबकाका दारात उभे राहिले.

खांबकाका म्हणजे प्रक्षेपणाचा उंच खांब सांभाळणारे गृहस्थ. मीडियम वेव्हच्या खांबाला ओलसर जमीन मानवते म्हणून तो गावाबाहेर तळ्याकाठी उभा केला होता आणि काका तिथेच शेजारच्या खोलीत बायकोसह राहत. यंत्राच्या घरघरीत आयुष्य काढल्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. दारात उभं राहून ते ओरडले, "काय छान? सकाळपासून तार तुटून पडलीय. फोनही त्याच तारेवर. बाहेर चकार शब्द आला नाही."

म्हणजे पंधरा मिनिटं ती भिंतीशी बोलत होती. वरच्या लोकांनी तिथल्या तिथे तिचं बारसं करून टाकलं, 'भिंतीच्या बाई'.

"हसले त्याचं काही नाही," ती दादांना म्हणाली. "पण तो काटा डोलत होता हो. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माझ्या तोंडून निघालं एवढंच त्याला कळतं. पोचलं का, ते नाही कळत. तुमचा रेडिओ मात्र हवेतून घेतो. आणि आजही मलाच वाचायचंय."

दादांनी उठून रेडिओ दारापासच्या फळीवरून काढला आणि कोटांच्या रांगेमागे, तिच्या खुर्चीच्या बरोबर खाली येईल असा ठेवला. वर एक फळी जराशी आक्रसली होती. तिथून आवाज वर गेला तर तिच्या कानापर्यंत जाईल, मायक्रोफोनपर्यंत नाही, असा दादांचा अंदाज होता. चार-सहा दिवस रेडिओ इकडे-तिकडे सरकवून तो अंदाज त्यांनी खरा करून घेतला.

व्यवस्था अशी ठरली. खालून आवाज येतोय तोवर बाईंनी वाचत राहायचं. आवाज मध्येच बसला, तर दादांनी कापड मोजायच्या लाकडी गजानं छताला एक ठोका द्यायचा. ठोका आला की बाई गाण्याची तबकडी लावून खांबकाकांना फोन करायच्या; त्या दिवसानंतर फोनची तार वेगळी टाकून घेतली होती. आणि दादा रेडिओ लावायलाच विसरले, तर बाई टाचेनं जमिनीवर दणका द्यायच्या. स्टुडिओत पादत्राणं घालून जायची बंदी होती, त्यामुळे तो दणका अनवाणी टाचेचाच असे आणि दादांच्या डोक्यावर थोडी धूळ पडे.

"वरून टाच पडली की लगेच उठता," दादांची बायको म्हणायची. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे. ती दुकानात काजं-बटणं करायला बसायची. "मी घसा फोडून हाका मारते तेव्हा कुठे असतात हे कान?"

"तू हवेतून बोलत नाहीस ना," दादा म्हणायचे.

"हवेत तुम्ही असता. मी आपली जमिनीवर."

केंद्र तसं लहानच होतं. गावातल्या काही हौशी मंडळींनी ते उभं केलं, तेव्हा ते वर्षभर टिकेल असं त्यांच्या घरच्यांनाही वाटलं नव्हतं. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. गाण्याचा कार्यक्रम असला, की रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येऊ नयेत म्हणून एक शिपाई कोपऱ्यावर उभा राहून ओठांवर बोट ठेवी. गाडीवाले हसत, पण भोंगा वाजवत नसत. तळ्याकाठच्या खांबकाकांच्या छपराची गंजकी पन्हाळ कार्यक्रमाच्या वेळी आपोआप गुणगुणायची. काकांची बायको त्या पन्हाळीखाली कपडे धुताना बातम्या ऐकायची आणि म्हणायची, "आमच्याकडे रेडिओ नाही, पाण्याचा नळच बोलतो."

त्या केंद्रात टायपिस्ट म्हणून आलेल्या बाईंनी पुढे सगळंच केलं. बातम्या वाचल्या, मुलांना गोष्टी सांगितल्या, बाजारभाव सांगितले. पण त्यांचा जीव होता तो सकाळच्या निरोपांत. डोंगरापलीकडे लहान वस्त्या होत्या. तिथे फोन नव्हते आणि रस्ता वर्षातला बराच काळ नसल्यासारखाच. त्या लोकांचे निरोप बाई वाचत. अमक्याची सून दवाखान्यातून सुटली, उद्या घेऊन जा. तमक्यानं आज गुरं पुलाकडे नेऊ नयेत, पाणी चढलंय. मास्तर आजारी आहेत, शाळा भरणार नाही.

बाई प्रत्येक निरोप दोनदा वाचत आणि दुसऱ्यांदा वाचताना किंचित सावकाश. ही रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती. त्यांच्या आईला तिशीनंतर हळूहळू ऐकू येईनासं झालं होतं. आईशी बोलताना समोर बसायचं, शब्द तोडून सांगायचा, घाई करायची नाही आणि ओरडायचंही नाही, हे बाईंच्या लहानपणापासून अंगवळणी पडलं होतं. डोंगरापलीकडच्या सगळ्यांशी त्या आईशी बोलावं तशा बोलत. आई घरी रेडिओच्या लाकडी पेटीवर तळहात टेकवून बसायची. लेक घरी आली की म्हणायची, "आज बोललीस तू. मध्ये एकदा खोकलीस." आणि ते बरोबर असायचं.

भिंतीच्या बाईंच्या हळूहळू निरोपाच्या बाई झाल्या. लग्न त्यांनी केलं नाही. विचारणाऱ्याला म्हणत, "सकाळी सहाला घराबाहेर पडणारी बायको कोणाला चालणार?" आई थकली, गेली. त्यानंतर सकाळचा चहा बाई दादांच्या दुकानात घेऊ लागल्या. वहिनी त्यांच्यासाठी कप वेगळा ठेवायची. दुसऱ्या कोणाला त्यातून चहा दिला तर स्वतःच चिडायची.

मग एक सकाळ अशी आली, की दादांना सगळं एका क्षणात कळलं.

ते गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेत होते. फीत त्याच्या पाठीवर धरून ते अंतर वाचत असताना त्यांना जाणवलं, की दुकान भलतंच शांत आहे. रेडिओ बंद होता. झाडताना वहिनीनं खटका दाबला होता आणि पुन्हा लावायचा राहून गेला होता. दादांनी घड्याळाकडे पाहिलं. निरोपांचा अर्धा वेळ उलटून गेला होता. खालून अर्धा वेळ आवाज नाही आणि वरून टाच नाही.

त्यांनी रेडिओ लावला. बाई वाचत होत्या, स्वच्छ, सावकाश, दोनदा. दादांनी फीत गळ्यात टाकली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुम्ही उद्या या." गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, एक बाही राहिलीय." दादा म्हणाले, "ती उद्या."

बाई खाली आल्या तेव्हा दादांनी चहा समोर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "आज माझा रेडिओ बंद होता."

बाईंनी कप उचललाच नाही.

"किती वेळ?"

"बराच."

"बाहेर गेलं ना पण?"

"गेलं. सगळं गेलं. मी नंतर लावून पाहिला."

बाईंनी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आईचे कान गेले तेव्हा तिचं वय तिशीचं होतं. मला वाटत होतं, मी सुटले. गेलं वर्षभर खालचा आवाज कधी येतो, कधी येत नाही. मी गृहीत धरते, की येतोय." पुढे त्या म्हणाल्या, "दादा, वर कळलं तर मला बसू देणार नाहीत. बातम्या गेल्या तर जाऊ देत. पण निरोप..."

वहिनी बटण लावता लावता थांबली होती. ती म्हणाली, "पण तुम्ही माझं बोलणं तर ऐकताय."

"तोंडाकडे बघून. तुम्ही पाठ फिरवली की संपलं."

"यांचं उलट आहे," वहिनी दादांकडे मान उडवून म्हणाली. "मी तोंडासमोर उभी राहिले की यांचं संपतं."

बाई हसल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादांनी कोपऱ्यातला गज उचलला.

"ठोका द्यायचाच आहे ना," ते म्हणाले. "उलटा देऊ. आजवर आवाज बसला की द्यायचो. आता आवाज आला की देईन. एकेक निरोप संपला, की एक. ठोका नाही आला, तर थांबायचं."

"तो ऐकू येईल असं काय सांगावं?"

"ऐकायचा कशाला? अनवाणीच बसता ना तुम्ही?"

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. दादांनी गजाच्या टोकाला कोटाच्या अस्तराचा तुकडा गुंडाळला, म्हणजे आवाज कमी आणि धक्का जास्त. सकाळच्या त्या वेळेत ते मशीनवर बसत नसत. रेडिओला कान लावून उभे राहत, निरोप दुसऱ्यांदा वाचून झाला की हलकेच गज वर नेत. दोनदा तार खरोखर तुटली तेव्हा दादांनी गज खालीच धरला, आणि बाई पुढच्या निरोपाआधीच थांबल्या. खांबकाकांना फोन मात्र साहेबांच्या खोलीतल्या मुलीनं केला.

धक्का जास्त आणि आवाज कमी असला, तरी मायक्रोफोनला तो लागायचाच. डोंगरापलीकडून बाजाराला आलेली एक म्हातारी परकर शिवायला टाकून दादांना विचारू लागली, "बाई निरोप झाला की टेबलावर शिक्का मारतात का हो?"

"मारतात," दादा म्हणाले.

"आमच्याकडे ठक झालं की आम्ही म्हणतो, पक्कं झालं."

अशी काही वर्षं गेली. दादांच्या डोळ्यांना चष्मा लागला, वहिनीच्या सुईत दोरा आता नातच ओवू लागली. आणि केंद्राला नवे साहेब आले.

नवे साहेब कामाचे होते, बोलायला मऊ होते. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत मिळवली. एफएमचा नवा मनोरा, खाली सिमेंटची जमीन, तिच्यावर पायाचा घोटा रुतेल असा गालिचा, काचेआड स्टुडिओ. जुन्या खोल्या सोडायच्या होत्या. बाईंना त्यांनी स्वतः नेऊन सगळं दाखवलं आणि म्हणाले, "सकाळचा विभाग तुम्हीच सांभाळायचा. तुमच्याशिवाय कोण?"

बाई दुकानात आल्या आणि त्या दिवशी त्यांनी चहा पुरता थंड होऊ दिला.

"त्या गालिच्यावर उभी राहिले," त्या म्हणाल्या. "पायाला काहीच लागत नाही. आणि खाली कोणी नाही."

"मी मशीन तिकडे हलवतो," दादा म्हणाले.

"सिमेंटच्या खाली?"

"बाजूला बसेन. दोरी बांधू तुमच्या खुर्चीला. ओढीन."

"म्हातारपणी बैल व्हायचंय का?" वहिनी म्हणाली.

"मग सांगू नका त्यांना," दादा गंभीरपणे म्हणाले. "काच आहे म्हणता ना? काचेपलीकडच्या पोराला म्हणायचं, माझा घसा बरा नसतो, हातानं खूण कर. चालून जाईल."

बाईंनी मान हलवली. "आजवर लपवलं ते तुमच्या जिवावर. तुम्ही रोज उभे राहिलात म्हणून त्यात खोटं काही नव्हतं, निरोप पोचत होते. तिथे एखाद्या दिवशी तो पोरगा फोनवर असला, तर मी परत भिंतीशी बोलेन. आणि पलीकडे कोणीतरी पुलावर गुरं नेईल."

बाई नोकरी पणाला लावतायत, हे दादांना दिसत होतं. घरी परत जाऊन करणार काय, हेही त्यांना ठाऊक होतं. त्या घरात आईची रिकामी खुर्ची आणि हात ठेवायला एक रेडिओ, एवढंच होतं.

बाईंनी सांगायची रीतही आपलीच शोधली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना त्यांनी जुन्या स्टुडिओत बोलावलं आणि म्हणाल्या, "आज सुरुवातीचे निरोप तुम्ही वाचा. फक्त बुटांबरोबर मोजेही काढा."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी बूट-मोजे काढले आणि खुर्चीत बसले. पहिला निरोप त्यांनी एकदाच वाचला. काहीच झालं नाही. बाईंनी खुणेनं सांगितलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा वाचला, आणि तळपायाखालच्या फळीतून कोणीतरी हलकेच थोपटल्यासारखं झालं. साहेब दचकले. ते दचकणं डोंगरापलीकडेही ऐकू गेलं म्हणतात.

पुढचे निरोप बाईंनी वाचले. कार्यक्रम संपल्यावर त्या साहेबांसमोर बसल्या आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. तार, भिंत, आई, टाच, गज. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ते खिडकीकडे वळून काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघून बोला. ते नाही कळलं मला."

साहेब वळले. "म्हटलं, बातम्या तुम्हाला देता येणार नाहीत. मध्ये फोन येतात, समोरच्याला प्रश्न विचारायचे असतात."

"नकोच आहेत."

"आणि निरोप?"

"निरोप पोचला का, तेवढंच मला कळायला हवं. ते इथे कळतं. तिथे नाही कळणार."

साहेब पुन्हा बूट घालायला लागले. एक नाडी बांधून झाल्यावर म्हणाले, "वरच्या अधिकाऱ्यांना हे कसं समजावून सांगायचं, देव जाणे." आणि दुसरी नाडी तशीच सोडून खाली दुकानात आले. दादांनी त्यांना आधी पायांवरूनच ओळखलं, पण इतक्या वर्षांत सुटलेल्या नाडीचा साहेब त्या जिन्यावरून उतरला नव्हता. साहेबांनी गज हातात घेतला, अस्तराचा तुकडा बोटांनी चाचपला आणि परत कोपऱ्यात ठेवला. म्हणाले, "सकाळी दुकान किती वाजता उघडता?"

"निरोपाआधी," दादा म्हणाले.

दोन महिन्यांनी केंद्र नव्या इमारतीत गेलं. गाणी गेली, बातम्या गेल्या, काच आणि गालिचा त्यांना लाभला. पण डोंगरापलीकडे नवा आवाज पोचत नव्हता, तो सरळ जातो आणि डोंगराला अडतो. मीडियम वेव्हचा आवाज जमिनीला धरून डोंगराला वळसा घालून जातो. ही गोष्ट नव्या साहेबांना आधीपासून माहीत होती, आता ती त्यांनी वरच्यांना पटवून दिली. तळ्याकाठचा खांब ठेवला आणि दुकानावरची ती एक खोली ठेवली, फक्त सकाळच्या निरोपांसाठी. कामाच्या वाटपात दादांच्या नावापुढे 'ध्वनी तपासणी' असं पडलं. वहिनीनं ते ऐकून विचारलं, "घरच्या ध्वनीची तपासणी कधी सुरू होणार?"

खांबकाका आता नाहीत, त्यांचा जावई खांब बघतो. तो हळू बोलतो, त्यामुळे बाईंना त्याच्या तोंडाकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. बऱ्याच वस्त्यांवर फोन आले आहेत, तरी निरोप येतात. दवाखान्यातून येतात, पुलाच्या चौकीवरून येतात. मंगळवार आणि शनिवार सोडून बाकीचे दिवस एक नवी मुलगी वाचते. तिला ऐकू उत्तम येतं, पण ठोका आल्याशिवाय तीही पुढचा निरोप घेत नाही.

मंगळवारी आणि शनिवारी बाई वाचतात. त्या दिवशी दादांनी दुकान उघडलं, की जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बाईंच्या चपला असतात.